शेवटच्या पाटीवर काय लिहिलं होतं

आजच्या या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय निवेदिताताई; व्यासपीठावर विराजमान झालेले आणि मंडळाची खुर्ची लहान पडत असूनही तसं न दाखवणारे प्रमुख पाहुणे, नॉर्थ शोअर स्टिंगरेज संघाचे मुख्य प्रशिक्षक ग्रँट; त्यांच्या शेजारी बसून माझं भाषण इंग्रजीत त्यांच्या कानात घालणारी आपली अबोली; पहिल्या रांगेत सहकुटुंब बसलेला पापाटोएटो पुकेकोज संघाचा कप्तान, आणि त्याच्याही आधीपासून माझा शेजारी असलेला तविता; मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, समोर बसलेले बंधू-भगिनी, आणि श्रीखंडाच्या पातेल्यावर लक्ष ठेवून मागच्या दाराशी उभे असलेले माझे खरे मित्र, सर्वांना नमस्कार आणि किया ओरा.

ताईंनी आत्ता माझी ओळख करून देताना 'द्रष्टा' हा शब्द तीन वेळा वापरला. पहिल्यांदा वापरला तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोणी आलंय का ते. चष्म्याचा नंबर साडेसहा असलेल्या माणसाला द्रष्टा म्हणायला मोठं मन लागतं. ते ताईंकडे आहे, आणि म्हणूनच त्यांच्यापासून लपवून ठेवलेली एक गोष्ट मला जड झाली आहे.

माझ्या उजव्या हाताला जांभळ्या कापडाखाली एक स्मृतिफलक झाकून ठेवलाय. त्यावर काय कोरलंय ते मला ठाऊक आहे, कारण मजकूर तपासायला माझ्याकडेच आला होता. 'अमेरिकन फुटबॉलला पंचमुखी चाल देणारे कल्पक प्रशिक्षक देवव्रत यांस सप्रेम.' ते कापड निघण्याआधी मला त्या पंचमुखी चालीबद्दल खरं काय ते सांगायचं आहे. ऐकल्यावर तो फलक भिंतीवर लावायचा की किचनमध्ये कोथिंबीर चिरायला घ्यायचा, ते ताईंनी ठरवावं. पण मंडळी, मला फलकाची एवढी काळजी नाही. माझी मुलगी ओवी शेवटून दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं एक काम ग्रँटच्या शब्दावर अडलंय, आणि ते माझ्यामुळे अडलंय. प्रमुख पाहुणे कोण हवेत असं मंडळाने विचारलं तेव्हा मी ग्रँटचं नाव दिलं. तुम्ही म्हणालात, काय ही खिलाडूवृत्ती! खिलाडूवृत्ती कसली, मला साक्षीदार हवा होता.

तर, माझं करिअर. मी ऑकलंडमधल्या एका बँकेत डेटाबेस सांभाळतो. पुण्यात असताना माझा खेळांशी संबंध एवढाच होता, की गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू ज्यांच्या अंगणात जाई त्यांच्याशी बोलायला मला पाठवत. चौदा वर्षांपूर्वी पापाटोएटोत घर घेतलं, आणि एके दिवशी कुंपणावरून तविता म्हणाला, "ब्रो, तू कॉम्प्युटरवाला ना? आमच्या मॅचचे आकडे लिहून ठेवशील?" मला वाटलं रग्बी असेल. जाऊन बघतो तर सगळे हेल्मेट आणि खांद्याला उशा बांधून उभे. रग्बीच्या या देशात हेल्मेट घालून खेळणाऱ्यांकडे लोक कसे बघतात माहितेय? टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पूलच्या कडेला नुसतं बसून राहणाऱ्या माणसाकडे बघतात, तसं. मला तिथे लगेच आपलेपणा वाटला.

दोन वर्षांनी आमचा कोच ब्रिस्बेनला गेला. इथली चांगली माणसं ब्रिस्बेनला जातातच. आता पुढचा कोच कोण, असा प्रश्न निघाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण क्लिपबोर्ड माझ्या हातात होता. माझ्या नेमणुकीमागे याहून जास्त विचार झालेला नाही. तविता समोर बसलाय, विचारा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही, म्हणजे माझी पत्नी मृणालिनी धरून इथले बहुतेक सगळे, त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, आणि दर प्रयत्नाआधी कोचने बाहेरून आपल्या पोरांना चाल कळवायची. ती चाल समोरच्या संघाला आधी कळली, की तुम्ही संपलात.

सुरुवातीला मी चाली ओरडून सांगायचो. माझं इंग्रजी आमच्या पोरांना कळेना आणि समोरच्या संघाला मात्र बरोबर कळे. मग हाताच्या खुणा सुरू केल्या. आता तुम्ही मला ओळखता. मी भाजीवाल्याशी बोलताना सुद्धा दोन्ही हात वापरतो. एका मॅचला मी नुसता मानेवरचा घाम पुसला, तर अकराच्या अकरा जण डावीकडे पळाले. दुसऱ्या मॅचला मला डास चावला. त्या मॅचबद्दल बोलायला नको. मग पाट्या आल्या. टाकानिनीत घरं विकणारा आपला यतीन, त्याच्या जुन्या 'फॉर सेल'च्या प्लास्टिकच्या पाट्या त्याने मला दिल्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी ए, बी, सी असं रंगवलं. एकेक अक्षर म्हणजे एकेक चाल. समोरच्यांनी अर्ध्या तासात सगळी अक्षरं फोडली. आणि मागे बसलेल्या प्रेक्षकांना दर चालीला यतीनचा हसरा फोटो दिसत होता तो वेगळाच. यतीनला त्या सीझनमध्ये दोन गिऱ्हाइकं मिळाली, आम्हाला एकही विजय मिळाला नाही.

त्याच सुमारास मी याच हॉलच्या मागच्या खोलीत दर रविवारी मंडळाची मराठी शाळा चालवत होतो. पहिल्या वर्षी चौदा मुलं होती. दुसऱ्या वर्षी तीन उरली, त्यातली एक ओवी. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. एके रविवारी तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, हू ईव्हन रीड्स धिस?" आपल्याकडची मुलं सगळं ऐकतात, सगळं समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात, हे तुम्हाला घरोघरी माहीत आहे. पण मी शाळेचा मास्तर होतो हो. मला ते फार लागलं. पुढच्या रविवारी ती आली नाही. मी बाराखडीचा तक्ता भिंतीवरून काढला, गाडीत टाकला आणि गॅरेजमध्ये बसून यतीनच्या पाट्यांवर क, ख, ग रंगवायला घेतलं. ज्याला आपण आज इनोव्हेशन म्हणून गौरवतोय, ते म्हणजे एका बापाने मुलीवर काढलेला राग होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आमच्या सामोअन, टोंगन, माओरी पोरांनी तीन आठवड्यांत अक्षरं पाठ केली. पुढच्या फळीत भिंतीसारखा उभा राहणारा एकशे वीस किलोचा आमचा लाइनमन 'ळ' असा स्वच्छ म्हणतो, की पुण्यातल्या माणसाने मान खाली घालावी. एकाने तर दंडावर 'ढ' गोंदवून घेतला. आपल्यात कोणाला ढ म्हणतात ते त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. तो आज सहकुटुंब आलाय, तेव्हा कृपा करून जेवताना सांगू नका.

आम्ही जिंकायला लागलो. समोरच्या संघांनी आमच्या पाट्यांचे फोटो काढले, ते उलटे धरून वाचले. अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजच्या कोचने ईमेल करून 'ही प्रणाली आपण कुठल्या सिद्धांतावर उभारलीत' असं विचारलं. मी तीन पानी उत्तर पाठवलं, त्यात एकही खरं वाक्य नव्हतं. दर शनिवारी ओवी माझ्याबरोबर मैदानावर यायची, पण गाडीतच बसून राहायची. कानात इअरफोन, हातात फोन. मी पाटी उचलताना एकदा तिच्याकडे बघायचो. तिचं लक्ष नसायचं. म्हणजे मला तसं वाटायचं.

आणखी एक बारीकशी गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. माझी आई, शांताबाई, पुण्याहून दर वाढदिवसाला ओवीला हाताने पत्र लिहिते. मी ते वाचून दाखवायचो. ओवीला पंधरावं लागलं त्या वर्षी मी पाकीट फोडायला गेलो तर ती म्हणाली, "इट्स ओके बाबा, मी ठेवते." मी मृणालिनीला म्हटलं, बघ, आजीचं पत्रही आता ऐकायला नको. आकड्यांवरून निष्कर्ष काढायचा पगार घेणारा माणूस मी!

आता दोन वर्षांपूर्वीच्या फायनलकडे येतो. अबोली, आत्तापर्यंत तू माझे विनोद गाळलेस ते चाललं, मी बघत होतो. पण इथून पुढचं सगळं सांग बाई, एक शब्द सोडू नकोस.

आम्ही विरुद्ध ग्रँटचे स्टिंगरेज. ओवी युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्स ॲनालिसिस शिकत होती, आणि ग्रँटने तिला विश्लेषक म्हणून घेतलं होतं. समोरच्या संघाच्या खुणा वाचायच्या आणि हेडसेटवरून सांगायच्या, हे तिचं काम. चोख काम आहे, नियमात बसणारं. मॅचआधी कार पार्कमध्ये तविता मला म्हणाला, "कोच, ओवी त्यांच्याकडे आहे. पाट्या बदलूया." मी हसलो. पंधरा जणांसमोर मी म्हणालो, "माझ्या मुलीला ग गवताचा सुद्धा वाचता येत नाही." ती दहा पावलांवर बाटलीत पाणी भरत उभी होती. मला दिसली नाही. सांगितलं ना, साडेसहा नंबर.

हाफ टाइमला आम्ही सोळा-सात असे पुढे होतो. मग ओवी वरच्या स्टँडमधून, जिथून पाट्यांची मागची बाजूच दिसत होती, खाली मैदानाच्या समोरच्या कडेला येऊन उभी राहिली. मी 'ट' उचलला. पलीकडे तिने माइकमध्ये काहीतरी म्हटलं, आणि ग्रँटची सगळी माणसं उजवीकडे सरकली. बरोबर तिथेच, जिथे आमचा माणूस जाणार होता. योगायोग असेल म्हणून मी 'घ' उचलला. पुन्हा तेच. मग 'भ'. 'भ' आणि 'म' मध्ये शाळेत सगळे गोंधळायचे. ओवी गोंधळली नाही.

मंडळी, कुठल्याही शहाण्या कोचने त्या क्षणी पाट्या खाली ठेवून दिल्या असत्या. मी काय केलं? मी 'ळ' उचलला. मग 'क्ष'. मग 'ज्ञ'. 'ज्ञ'ची चाल त्या जागी कोणी स्वप्नातही खेळणार नाही, पण मला बघायचं होतं ना, येतो का! आला. समोर टीम मार खात होती, आणि मी मनात मार्क देत होतो. सोळा-सातचे सोळा-वीस झाले. तविता ओरडून विचारत होता, "कोच, व्हॉट आर यू डूइंग?" मला त्याला सांगता आलं नाही, की माझ्या मुलीला वाचता येतंय रे.

शेवटचे नऊ सेकंद राहिले. शेवटचा प्रयत्न, बारा यार्ड बाकी. माझ्याकडे एक कोरी पाटी होती आणि मार्कर होता. आता मी चाल लिहायला हवी होती. शपथेवर सांगतो, चाल माझ्या डोक्यातही आली नाही. मला ओवीला विचारायचं होतं, की कधी शिकलीस? कोणी शिकवलं? मला का सांगितलं नाहीस? एवढं पाटीवर मावेना. आणि आपल्याकडे बापाला ऐन वेळी मुलीला विचारायला एकच वाक्य सुचतं. मी लिहिलं, 'जेवलीस का?' आणि दोन्ही हातांनी पाटी वर धरली.

ओवीने वाचलं. कानावरचा हेडसेट खाली ओढला आणि ती हसायला लागली. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. नाही. जेवली नव्हती.

आता आमच्या पोरांना बिचाऱ्यांना वाचता येतात ती सुटी अक्षरं. त्यांना दिसले ज, व, ल, स आणि क. पाच अक्षरं म्हणजे पाच चाली. ज्याला जे अक्षर आधी दिसलं, तो तिकडे पळाला. अकरा माणसं पाच दिशांना. ग्रँट कानात ओवीचा आवाज येण्याची वाट बघत उभा राहिला, त्याची माणसं त्याच्याकडे बघत राहिली, आणि आवाज येईना. तविताच्या हातात चेंडू होता. आजूबाजूला ना आपला, ना परका. तो घाबरून सरळ चालत सुटला आणि गोलरेषेच्या पलीकडे जाऊन थांबला. सहा गुण, बावीस-वीस. हीच ती पंचमुखी चाल. तविता, हसू नकोस, तूही दोन वर्षं मुलाखती दिल्या आहेस.

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर ग्रँट हात मिळवायला आला. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाला, "गुड वन, मेट. शेवटच्या पाटीवर काय होतं, मी ओवीला विचारलं. शी कुडन्ट रीड इट."

तिने त्याला सांगितलं होतं, मला वाचता आलं नाही. खरं सांगितलं असतं, तर बाप फायनलच्या शेवटच्या चालीला मुलीला जेवणाचं विचारत होता, हे जगभर झालं असतं आणि माझं हसं झालं असतं. ते होऊ नये म्हणून तिने स्वतःचं करून घेतलं. त्या वेळी मला फक्त 'त्यावर चालच नव्हती' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या भाषेत, सगळं झकास.

त्यानंतर मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, लीव्ह इट. यू वर सो हॅपी अप देअर." मी लगेच सोडून दिलं. सोडायला मला फार बरं पडलं. पुढच्या सीझनला स्टिंगरेजनी तिला बोलावलं नाही. कोणी म्हणालं, बापासाठी मुद्दाम गप्प बसली. कोणी म्हणालं, तिला जमतच नाही. आपल्या गणपतीत, याच हॉलमध्ये, मोदक वाढता वाढता कोणीतरी म्हणालं, "मराठी शाळेच्या मास्तरची मुलगी आणि तिला पाटी वाचता येऊ नये!" कोण म्हणालं ते मी सांगणार नाही. मी शेजारी उभा होतो आणि मी मान डोलावली, हे मात्र सांगतो.

ती कशी शिकली तेही मला मृणालिनीकडून कळलं, तेसुद्धा गेल्या महिन्यात. गाडीच्या काचेतून दर शनिवारी पाट्या बघून अक्षरं शिकली. पोरं ओरडायची ना, 'ट! ट!' म्हणून. आणि काना-मात्रा शिकली आजीच्या पत्रांवरून, दार लावून, एकटीने. मी मृणालिनीला म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू कधी विचारलंस?" नव्हतं विचारलं. तिला येत नाही असं मी सगळ्यांना परस्पर सांगत सुटलो होतो.

गेल्या महिन्यातच का कळलं, तर क्राइस्टचर्चच्या एका संघाला विश्लेषक हवाय. ओवीला ती जागा हवी आहे, मनापासून हवी आहे. त्यांनी ग्रँटला विचारलं, आणि ग्रँटने प्रामाणिकपणे कळवलं, की हुशार आहे, पण ऐन वेळी शेवटची खूण तिला वाचता आली नाही. सोमवारी निर्णय आहे. ओवी घरी आली. तिच्या आईपुढे रडली.

ग्रँट, तुझं काही चुकलेलं नाही. तुला जे सांगितलं गेलं ते तू लिहिलंस. पण त्या दिवशी मैदानावर एकच माणूस असा होता ज्याला सगळ्या पाट्या वाचता आल्या, शेवटची सुद्धा, आणि ती माझी मुलगी होती. तुझ्या संघाने जे गमावलं ते माझ्या मूर्खपणामुळे, तिच्या अज्ञानामुळे नाही. अबोली, 'मूर्खपणा'ला सौम्य शब्द शोधू नकोस.

बोलता बोलता फार वेळ झाला. मला बारा वर्षं सहन करणाऱ्या पुकेकोजचे आभार. पाट्या आणि स्वतःचा चेहरा देणाऱ्या यतीनचे आभार. माझ्या जागी आता खरोखर हा खेळ खेळलेला कोच येतोय, त्याला शुभेच्छा. त्याला फार गोष्टी नव्याने कळतील. मंडळाने हा सोहळा केला, शाल दिली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. ताई, फलकाचं काय ते तुम्ही बघा.

भाषण संपवताना 'काही उणं-अधिक बोललो असेन तर पोटात घाला' असं आपण म्हणतो. आजवर मी ते दर भाषणात म्हणत आलो, आणि एकदाही मनात काही नव्हतं. आज आहे. ओवी, कार पार्कमध्ये बोललो ते चुकलं. मैदानावर गप्प राहिलो ते चुकलं. इथे मान डोलावली ते तर फारच चुकलं. तुला माफ करायचं असेल तर कर, नसेल तर तेही मला मान्य आहे.

आणि ही, गॅरेजमध्ये दोन वर्षं कपाटामागे दडवलेली पाटी. यतीन, तुझा फोटो व्यासपीठाकडे आहे, ताईंना नमस्कार कर. ग्रँट, तू पाटीकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ. ओवी, मी फक्त धरतो. वाचायची की नाही, ते तुझं तू ठरव.

...

काय? मोठ्याने बोल बाळा, मागच्यांनाही ऐकू दे.

ऐकलंत मंडळी? ग्रँट, डिड यू हिअर? अबोली, सांग त्याला काय म्हणाली ते, शब्दन् शब्द सांग. म्हणाली, "'जेवलीस का' लिहिलंय. आणि नाही जेवले, बाबा. तू भाषण संपवलंस तर जेवीन ना!"

संपलं, संपलं. धन्यवाद. ये ओवी, पुढे ये, आधी तुझं पान वाढू.